शनिवारचं पारणं

ट्रॅमच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावरचा एक माणूस मागे वळला आणि वाचून झालेल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याने ती मागच्या बाकावरच्या आपल्या दोस्ताकडे भिरकावली. मध्ये एनॉक टॅटरसॉल बसला होता. त्याने झटकन मान खाली घातली. घडलं ते एवढंच. गुंडाळी त्याच्या टोपीवरून चांगली हातभर उंचीने गेली, दोस्ताने ती झेलली, आणि ट्रॅममध्ये हशा पिकला. "अरे एनॉक, कागद आहे तो! चावत नाही!" कुणीतरी ओरडलं. "मागच्यालाही वाचायला मिळावं म्हणून वाट दिली," एनॉक म्हणाला, आणि लोक आणखी हसले. ब्रॅकनशॉ या विलायतेतल्या गिरणगावात माणूस हजरजबाबी असला की त्याची निम्मी पापं तिथल्या तिथे धुतली जातात. ट्रॅम 'टाउन'च्या, म्हणजे गावच्या फुटबॉल क्लबच्या, सामन्याला निघालेल्या माणसांनी भरली होती. अर्ध्या दिवसाने गिरणी सुटल्यावर केसांत कापसाची फुसं तशीच घेऊन ती चढली होती, आणि ज्याला पाहायला ती निघाली होती तो त्यांच्यातच, तिकीट काढून, मांडीला मांडी लावून बसला होता. याचं तिथे कुणाला नवल नव्हतं. एनॉकला नवल वाटत होतं ते स्वतःच्या मानेचं. त्याने तिला काही सांगितलं नव्हतं. ती त्याला न विचारता खाली गेली होती, आणि ती जाताना त्याचे डोळेही घट्ट मिटले होते. त्याने कोटाची कॉलर मानेभोवती वर ओढून घेतली.

आता मान खाली घालणं हा काही गुन्हा नव्हे. पण एनॉक टॅटरसॉल हा टाउनचा सेंटर-हाफ होता, म्हणजे संघाच्या मधोमध उभा राहून आकाशातून येईल तो बॉल कपाळाने परत पाठवणारा माणूस. चौदा वर्षं तो तेच करत आला होता. गावात कुणी नवी भिंत बांधली की गवंडी तिच्यावर थाप मारून म्हणायचा, "टॅटरसॉलचं कपाळ आहे, बघा." एका म्हातारीने भर बाजारात आपल्या नातवंडाचं टाळकं त्याच्या कपाळाला टेकवून घेतलं होतं, पोर निबर व्हावं म्हणून. आणि हेच कपाळ गेली दोन वर्षं भीत होतं. कोरड्या दिवशी बॉल तसा बरा असतो. पावसात तो पाणी पितो, चिखल खातो, आणि खेळ संपेपर्यंत चांगला धोंडा होतो. त्यात त्याच्या शिवणीवर चामड्याची वादी असते. बॉल फिरत येतो, त्यामुळे वादी कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. कपाळावर आपटल्यावरच कळतं. तीन हिवाळ्यांपूर्वी असाच एक बॉल आला होता. एनॉकने तो पार मध्यरेषेपलीकडे धाडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो शेवटपर्यंत खेळला, आंघोळ केली, घरी जाऊन जेवला, आणि मग बायकोला म्हणाला, "हेटी, आज सामना किती वाजता आहे गं?" पुढे गावभर हा विनोद झाला. पबमध्ये तो स्वतःच हावभावांसकट सांगायचा. हेटी मात्र त्यावर कधी हसली नाही. पण भीती त्या दिवशी आली नव्हती. ती मागाहून, सवडीने आली, मध्ये अख्खा उन्हाळा जाऊन नवा हंगाम सुरू झाल्यावर. छान कोरडा दिवस होता, बॉल वर निळ्या आभाळात होता, आणि त्याच्याकडे पाहता पाहता एनॉकच्या मनात आलं, हा आला नाही तर किती बरं होईल. बॉल आला. त्याने तो मारला. कुणाला काही कळलं नाही. तेव्हापासून प्रत्येक बॉल तो डोळे मिटून मारत आला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती त्याने जिवापाड झाकून ठेवली होती. आणि आज ट्रॅममध्ये, दोन दिडक्यांच्या कागदासाठी, ती आपली आपण उघडली. ट्रॅमच्या काचांवर पाऊस बारीक बारीक चिकटायला लागला होता. थोड्याच वेळात, सगळ्या गावासमोर, ही मान अशीच खाली गेली तर? या एका प्रश्नापुढे त्याचं डोकं चालेना.

टाउनच्या मैदानावर सोमवार ते शुक्रवार कुणाच्या दृष्टीला बॉल पडत नसे. सामना संपला की ट्रेनर जेबेझ ऑरमरॉड सगळे बॉल कपाटात कोंडायचा, कुलूप लावायचा आणि किल्ली घड्याळाच्या साखळीला अडकवायचा. आठवडाभर खेळाडूंनी कोळशाच्या चुरीच्या रस्त्यावरून मैदानाला फेऱ्या घालायच्या, दोरीवरच्या उड्या मारायच्या, आणि एखाद्या दिवशी सगळ्यांनी कोट-टोप्या घालून टेकडीपर्यंत चालत जाऊन यायचं. स्कॉटलंडहून नवा आलेला एखादा पहिल्या दिवशी विचारायचा, "बॉल कुठे आहे?" मग जेबेझ म्हणायचा, "शनिवारी भेटेल. आठवडाभर उपाशी राहिलास की ताटावर तुटून पडशील." बाकीच्या क्लबांतही हेच चालायचं, आणि संचालक मंडळींना तर ते अगदी शास्त्रच वाटायचं. एनॉकलाही पहिली कित्येक वर्षं ते खरं वाटलं. कारण तेव्हा त्याला भूक लागायची. शुक्रवारी त्याचे पाय पांघरुणातही स्वस्थ नसायचे. हेटीची लोकरीची गुंडी जमिनीवर पडली की उचलून देण्याऐवजी तो ती खुर्चीच्या पायांमधून नेमकी चुलीपर्यंत पोचवायचा आणि शिव्या खायचा. आता सगळं उलटं झालं होतं. उपासच गोड लागत होता आणि पारण्याची धास्ती बसली होती. सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात देखणा दिवस. मंगळवार बरा. गुरुवारी दुपारपासून तो आभाळात ढग शोधायला लागायचा, आणि शुक्रवारी घास घशाखाली उतरायचा नाही. इतरांना भूक लागते, आपल्यालाच का अन्न पाहून मळमळतं, असं तो फेऱ्या घालताना पुढच्याच्या पाठीकडे पाहत मनाशी म्हणायचा. पुढची पाठ मात्र निवांत धावत असायची.

सकाळी हेटीने उकडलेला मासा आणि टोस्ट पुढ्यात ठेवला होता. हेटी गिरणीत साचेखात्यात होती. तिथे शेकडो मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून बाया नुसते ओठ हलवून बोलतात, आणि भिंतीपासच्या बाईचं बोलणं दारातली बाई वाचते. घरीही हेटी तोंडात काही असलं किंवा कंटाळा आला असला की तसंच बोलायची. सकाळी तिने चुलीपासून ओठांनीच विचारलं, "काय झालंय?" "कुठे काय?" एनॉक म्हणाला, पण म्हणताना तो बूट शोधायच्या निमित्ताने पाठमोरा झाला. साचेखात्यातल्या बाईला आवाजाने फसवता येतं, तोंडाने येत नाही, हे तो लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकला होता. पाठमोरा झालेला नवराही तिला वाचता येतो, हे मात्र त्याला अजून शिकायचं होतं.

मैदानाशी ट्रॅम थांबली आणि लोकांच्या लोंढ्याबरोबर तोही उतरला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी "आज त्यांच्या त्या लांबोडक्या फॉरवर्डला खिशात घाल रे," म्हणालं. चोराच्या मनात चांदणं; प्रत्येक थाप पडताना त्याला वाटत होतं, याला कळलंय. कपडे बदलायच्या खोलीत मालिशच्या तेलाचा आणि बुटांना चोळलेल्या चरबीचा तोच जुना वास होता. क्लिफ हॅसलम शेजारीच बूट बांधत होता. हा विशीतला, उजव्या बाजूचा हाफ, गेल्या हंगामात कोळशाच्या खाणीतून थेट इथे आलेला. तो शीळ घालत होता. "काय पाऊस आहे," हॅसलम म्हणाला. "आज बॉल चांगला जड होणार, नाही?" त्याच्या आवाजात एनॉकला नुसता आनंद ऐकू आला आणि हेवा वाटला. आपणही कधी असेच शीळ घालायचो का, ते त्याला आठवेना.

पहिला उंच बॉल आला तेव्हा एनॉकने तो खांद्यावर घेतला. कुणाला काही खटकलं नाही. दुसरा आला तेव्हा पाय घसरल्यासारखं करून तो खाली बसला, आणि मागून हॅसलमने धावत येऊन बॉल बाहेर मारला. लोक "अरेरे" म्हणाले, चिखलाला शिव्या दिल्या. मग बराच वेळ बॉल जमिनीवरच खेळत राहिला, आणि एनॉकचं खरं कसब तिथे होतं. तो समोरच्याचा पाय वाचायचा, बॉल अलगद काढून घ्यायचा. त्याला क्षणभर वाटलं, निभेल. तेवढ्यात त्यांच्या गोलकीपरने लाथ घातली आणि बॉल वर गेला. तो फार वर गेला. पावसातून तो काळा दिसत होता, फिरत होता, आणि खाली यायला त्याने इतका वेळ लावला की एनॉकला हेटीची चूल आठवली, चुलीपुढची लोकरीची गुंडी आठवली, आणि कसलंही कारण नसताना आपल्या आईचा ओला हात कपाळावर आठवला. मग मान खाली गेली. सरळ, उघड, ट्रॅममध्ये गेली होती तशी. बॉल त्याच्या डोक्यावरून मागे पडला आणि त्यांच्या लांबोडक्याने तो शांतपणे गोलमध्ये घातला.  एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा झाला बिचारा." त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

मध्यंतरात बाकीचे चहा पीत बसले. जेबेझने एनॉकला मालिशच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"कुठे लागलं?"

"कुठे नाही. घसरलो."

"तिसऱ्यांदा घसरला नाहीस. मी बघत होतो."

"चिखल केवढा आहे, जेबेझ."

"ब्रॅकनशॉत काय आज पहिल्यांदा चिखल झाला?"

एनॉक भिंतीवरच्या फळीकडे, बाटल्यांकडे पाहत राहिला. आपण आता काहीतरी सांगून मोकळं व्हायचं, काहीही, डोळ्यांत पाणी गेलं म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवलं. पण तोंड उघडल्यावर वेगळंच बाहेर पडलं. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "बॉलची. डोक्यावर येणाऱ्या बॉलची. दोन वर्षं झाली." शब्द फार लहान निघाले. इतके दिवस आत कोंडलेलं ते एवढंसंच होतं, याचं त्याला आश्चर्य वाटलं. छप्पर कोसळलं नाही. बाहेर कुणीतरी चहात साखर ढवळत होतं.

"दोन वर्षं झाली ते मला ठाऊक आहे," जेबेझ म्हणाला. "डोळे मिटतोस तू."

"मग बोलला का नाहीत?"

"भिंतीवरून चालणाऱ्याला कुणी खाली बघ म्हणून सांगतं का रे?" जेबेझ वाकला आणि खणातून पट्टी काढू लागला. "मीही सेंटर-हाफच होतो. आमच्या वेळी रोज बॉल असायचा. सोमवारी सकाळी, मंगळवारी सकाळी, रोज तेच. मी मैदानावर यायच्या आधी कुंपणामागे जाऊन ओकायचो आणि तोंड धुऊन हसत आत यायचो. ट्रेनर झालो तेव्हा पहिलं काम काय केलं? बॉलला कुलूप घातलं."

"पण तुम्ही तर म्हणता, भूक लागावी म्हणून—"

"मग काय सांगू संचालकांना? माझ्या पोरांना विसरायला पाच दिवस द्या, म्हणून? एकेकाची पोटं बघितलीस ना त्यांच्या? भूक म्हटलं की त्यांना लगेच पटतं."

एनॉकला हसू आलं. ते त्याला आवरेना. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कसलं पाणी होतं ते त्याला कळलं नाही. चौदा वर्षं तो ज्याला भूक लावणारा उपास समजत होता ते एका म्हाताऱ्याने घातलेलं पांघरूण होतं. म्हणजे पुढे धावणाऱ्या त्या निवांत पाठी? "आणखी कोण कोण आहे असं?" त्याने विचारलं.

"ते तुला कशाला सांगू? तुझं कुणाला सांगितलं का मी?" जेबेझ म्हणाला. "गुडघा पुढे कर. डावा."

"गुडघ्याला काही झालेलं नाही."

"मला दिसतंय. पुढे कर."

आता काय होणार ते एनॉकला कळलं. खेळ सुरू झाला की संघात बदली माणूस घेता येत नसे. कुणी जायबंदी झाला तर त्याला पट्टी बांधून कडेला, विंगवर, उभा करत. तिथे तो लंगडत राही, आणि त्याच्या जागी दुसरा सरके. "हे सोंग झालं," एनॉक म्हणाला.

"मग दहा जणांनी खेळायचं? अकरावा काय मी खिशातून काढू?" जेबेझने पट्टी करकचून ओढली. "लंगड्याला हवेतून बॉल कुणी देत नाही. जा."

"आणि मध्ये?"

"हॅसलम. तो अजून भुकेला आहे," जेबेझ म्हणाला, आणि दार उघडलं.

विंग हा वेगळाच प्रांत होता. आयुष्यभर गर्दीच्या मधोमध राहिलेल्या माणसाला एकदम गावाबाहेर झाडाखाली बसवावं तसं त्याला वाटलं. मध्ये चाललेली ढकलाढकली आता दूर होती. वर आभाळ होतं, आणि त्यातून त्याच्यासाठी काही पडणार नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने पाऊस चेहऱ्यावर घेतला. इथे लोक हाताच्या अंतरावर होते. त्यांच्या पाइपांचा धूर येत होता, कुणाच्या खोकल्याला कोण काय म्हणतंय ते ऐकू येत होतं. "एनॉक, खुर्ची देऊ का?" एकाने विचारलं. "खुर्ची नको, उशी दे," तो म्हणाला. तो इमानदारीत लंगडत होता. बॉल इकडे आला तर दोन पावलं जायचं, कळ आल्यासारखं थांबायचं. त्यांच्या बचावातल्या बॅकने थोडा वेळ त्याच्यावर नजर ठेवली आणि मग कंटाळून तो मध्ये निघून गेला. अशा वेळी एनॉकचं लक्ष कठड्याकडे गेलं. साचेखात्यातल्या बायांचा घोळका नेहमीप्रमाणे तिथे एकमेकींना चिकटून उभा होता, आणि मधोमध हेटी होती. सगळं मैदान ओरडत होतं. हेटीचे ओठ सावकाश हलले.

"दुसरा पाय," हेटी म्हणाली.

"काय?" त्यानेही ओठांनीच विचारलं. एवढं त्याला येत होतं.

"पट्टी डाव्याला आहे. लंगडतोयस उजव्याने."

त्याने खाली पाहिलं. खरंच तसं होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हेटीने हे त्याला सांगितलं म्हणजे कठड्याला टेकलेल्या साचेखात्यातल्या झाडून सगळ्या बायांना सांगितलं, कारण तिथली प्रत्येक बाई ते वाचू शकत होती. एकीने दुसरीला कोपर मारलं. दुसरीने तोंडावर शाल घेतली. आवाज न करता हसू घोळक्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं. सोमवारी ते गिरणीत प्रत्येक मागाशी पोचणार, मंगळवारी पबमध्ये. एनॉक कान तापण्याची वाट पाहत उभा राहिला. ते तापले नाहीत. त्याने बायांकडे पाहून, अगदी कर्तव्य म्हणून, पाय बदलला आणि डाव्याने लंगडायला लागला, आणि हेटी हसली. ती अशी हसली की तिला शेजारणीचा दंड धरावा लागला. घोळका पुन्हा खेळाकडे वळला तेव्हा तिचे ओठ परत हलले, या वेळी फक्त त्याच्यासाठी. "मला ठाऊक होतं रे वेड्या," ती म्हणाली.  घरात ज्याच्यामागे तो दोन वर्षं लपला होता ते दार उघडंच होतं; तोच उगाच कडी धरून बसला होता.

म्हणूनच की काय, बॉल त्याच्याकडे आला तेव्हा त्याला घाई नव्हती. बॉल चिखलातून घसपटत, आळसावलेला आला. आसपास कुणी नव्हतं. लंगड्याकडे कोण लक्ष देतो? एनॉकने तो पायाखाली थांबवला, वर पाहिलं, आणि दोन बॅकांच्या मधून बॉल अलगद, जमिनीलगत आत सरकवला. तिथे टाउनचा फॉरवर्ड हार्ग्रीव्ज धावत आला आणि त्याने तो गोलमध्ये घातला. एकास एक. "लंगडाच बरा होतास रे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि एनॉकने टोपी नसताना टोपी काढल्यासारखं केलं.

मग अगदी शेवटी, संपत आलं असं सगळे म्हणत असताना, समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून बॉल मारायची संधी, मिळाली. कप्तान बर्टविसल मध्यातून ओरडला, "एनॉक! मागे ये!" लोकही ओरडायला लागले, "टॅटरसॉल! मागे!" उंच बॉल येणार होता आणि संघात सगळ्यात उंच तोच होता, लंगड्याला निदान उभं तरी राहता येतं. त्याचे पाय दोन पावलं निघालेही. चौदा वर्षांची सवय होती ती. मग तो थांबला. गोल झाला तर तो आपल्या नावावर लागेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. सोंग घेतलंय हेही बाया सांगतील, आणि मग गाव थुंकेल. त्याने हे सगळं पाहून घेतलं, दोन्ही हात गुडघ्यावरच्या पट्टीवर ठेवले आणि "नाही," असं मोठ्याने म्हणाला. कुणाला ते ऐकू गेलं नाही. बॉल वर गेला. आता तो आपला नाही म्हटल्यावर चांगला दिसत होता, गोल आणि काळा, पावसात सावकाश फिरणारा. डोक्यांच्या गर्दीतून एक डोकं इतरांच्या वर उठलं. ते हॅसलमचं होतं. ओल्या सतरंजीवर काठी मारल्यासारखा आवाज एनॉकला तेवढ्या लांबून ऐकू आला. बॉल बाहेर गेला आणि शिट्टी झाली. सगळे हॅसलमकडे धावले. तो चिखलात बसला होता. मग तो हसला आणि उठला.

सामन्यानंतर सगळे एकाच मोठ्या हौदात उतरत. पाणी गरम होतं आणि पहिल्या दोघांतच तपकिरी झालं होतं. वाफेत नुसती डोकी दिसत होती. हॅसलम एनॉकच्या शेजारी येऊन टेकला. त्याच्या कपाळावर वादीचा लाल ठसा उमटला होता, आडव्या टाक्यांसकट. सगळ्यांनी तो वाकून वाकून पाहिला होता, शाबासकी दिली होती, आणि हॅसलम पुन्हा पुन्हा बोटाने चाचपून पाहत होता. मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, "एनॉक, जरा गरगरल्यासारखं होतंय. पण होतंच ना असं? जातं ना आपोआप?"

याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. जातं रे पोरा, एक ग्लास बिअर मार आणि झोप. एनॉकच्याही जिभेवर तेच आलं. ते म्हणणं अगदी सोपं होतं, आणि म्हटलं की पट्टीही तशीच राहिली असती, कपाळाची कीर्तीही राहिली असती. त्याने हॅसलमच्या कपाळाकडे पाहिलं. दुपारभर आपण घेतला तो सगळा पाऊस, तो मोकळा वारा, या कपाळाच्या आडोशाने घेतला, असं त्याला वाटलं.

"जात नाही," एनॉक म्हणाला. "आजच्या आज डॉक्टरला दाखव. आणि ऐक. एक दिवस बॉल वर असेल आणि तुझ्या मनात येईल, हा आला नाही तर बरं. त्याच दिवशी येऊन सांग. मी सांगितलं नाही. मी दोन वर्षं डोळे मिटून खेळलो." मग तो हौदाच्या दुसऱ्या टोकाकडे वळला. "बर्टविसल, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मला भीती वाटत होती."

पाणी हलायचं थांबलं. 

"म्हणजे," बर्टविसल सावकाश म्हणाला, "मी तिकडे बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, आणि तू—"

"उभा होतो."

बर्टविसल त्याच्याकडे वळला. तो काहीतरी जबरदस्त बोलणार असं सगळ्यांना वाटलं. पण मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, दर शनिवारी बुटाच्या नाड्या ज्यांना दोन-दोनदा बांधाव्या लागत त्या हातांकडे, ते पाण्याखाली नेले, आणि म्हणाला, "साबण कुणी घेतलाय?" साबण सापडला. कुणीतरी गाणं म्हणायला लागलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. एनॉकने पाय लांब केले. आता येत्या शनिवारी मध्ये आपण नाही, कदाचित कुठेच नाही, आणि हे मनात आल्यावरही पाणी तेवढंच गरम लागत होतं.  

 हॅसलमचं बोट अजून कपाळावरच होतं, पण आता ते ठशाचा अभिमान बाळगत नव्हतं. बाकीचे गाण्यात आहेत हे त्याने नीट पाहून घेतलं, आणि मग इतक्या हळू की शेजारच्यालाही जेमतेम ऐकू यावं, त्याने विचारलं, "आणि भीती आत्ताच वाटत असली तर?"

"मग अंग पूस आणि चल माझ्याबरोबर. आधी डॉक्टर, मग जेबेझ," एनॉक म्हणाला, आणि तोच आधी उठला.